वजा एकसष्ट

कुपवाडच्या गोदामात मी आले तेव्हा
हळद अजून यायची होती.
नुसती फरशी, पत्रा, आणि छताखाली
नऊ पांढऱ्या डब्या, हिरवे दिवे लुकलुकणाऱ्या.
दोन-दोन मीटरवर खडूनं फुल्या मारल्या.
प्रत्येक फुलीवर उभी राहिले चार तोंडांनी:
मिरजेकडं, माधवनगरकडं, नदीकडं,
आणि चौथं, जिकडं नुसती भिंत होती.

फोन ऐकायचा
कुठली डबी किती क्षीण ऐकू येते.
मी लिहायची: वजा एकसष्ट. वजा चौऱ्याहत्तर.
सगळे आकडे वजा.
जवळचं थोडं वजा, लांबचं जास्त वजा,
अधिक असं त्या वहीत काहीच नाही.
जागा म्हणजे एवढंच,
कोण किती कमी पोचतं तुमच्यापर्यंत.

मार्चात ट्रक लागले.
थप्प्या चढल्या, चौदा-चौदा पोत्यांच्या.
पोत्यांना चिकटपट्ट्या, हमालांच्या गळ्यात बिल्ले,
आणि पडद्यावर ठिपके.
बावीसशे आठ नंबरचं पोतं संडासात गेलं.
दौलत ऐवळे भिंतीतून आरपार निघाले
आणि अर्धा तास रस्त्यावर उभे राहिले.
चौगुल्यांचा फोन: "मॅडम, तुमच्या मशीननं
माझा हमाल पळवला."

रिकाम्या घराचा नकाशा भरल्या घरात चालत नाही.
हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं.

दुपारी एकला सातवी रांग आंधळी व्हायची.
रोज. चाळीस मिनिटं.
जाऊन बघितलं तर निवडणाऱ्या बायका
पाच नंबरच्या डबीखाली गोल करून जेवत होत्या.
अक्काताई, शमशाद, लगमव्वा, आणखी तिघी,
खर्ड्याचा डबा मधे फिरत होता.
त्यांना बिल्ले नव्हते. रोजावरच्या.
माणसात पाणीच पाणी, लहरी त्यात मुरतात,
म्हणून मशीनला एवढंच कळायचं:
जे ऐकू यायला पाहिजे
ते येत नाही.

दौलतमामा पोरवयात हरिपूरला पेवात उतरलेले.
"कासरा धरून जायचं खाली. अंधार नुसता, आन् ऊब.
वरचा हाक मारणार, खालच्यानं ओ द्यायची.
ओ बारीक झाली की वडायचा वर."
बिल्ला उलटा करून बघितला त्यांनी.
"ह्यो काय करतोय? हाक मारतोय का ओ देतोय?"
ओ देतो, मी म्हणाले. सेकंदाला एक.
"हाक नसताना?"
मला उत्तर सुचेना.
मग पडद्यावर स्वतःला बघितलं त्यांनी,
रस्त्यापलीकडं, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी.
"ऱ्हाऊ दे की तितंच," म्हणाले.
"ऊन लई हाय."

पुन्हा मोजायला घेतलं, आता भरल्या गोदामात.
निम्म्या फुल्या थप्प्यांखाली गेलेल्या.
एक वाजता सातव्या रांगेत उभी राहिले.
लगमव्वानं भाकरी पुढं केली, बस म्हणाली, कन्नड हेलात.
एका हातात भाकरी, एका हातात फोन.
वजा ब्याऐंशी.

तेव्हा, घास तोंडात असताना, लक्षात आलं
की पहिल्या नकाशातही मी होते.
प्रत्येक फुलीवर, कुठल्या ना कुठल्या तोंडाला,
डबी आणि फोनच्या मधे माझी पाठ होती.
ठिपका नाही माझा कुठंच.
पण दर आकडा माझ्याएवढा कमी आहे.
सरासरी काढली की जातं ते, म्हणतात.
काढली. थोडं गेलं.

दौलतमामांना आणलं आत, रांग तीन, खांबापाशी.
"गावलो व्हय," म्हणाले, आणि पोतं पाठीवर घेतलं.

रात्री अहवाल लिहिला चौगुल्यांना:
सातवी रांग, दुपारी एक ते एक चाळीस,
नोंद ग्राह्य धरू नये.
कारणाच्या रकान्यात आधी "पाणी" लिहिलं,
मग खोडून
"जेवण".